पुलातली काच

त्याला सगळे तारवाला म्हणत आणि ते त्याला अजिबात आवडत नसे. "तार नाही हो, काच आहे ती. केसासारखी बारीक काच," असं सुरुवातीला तो भेटेल त्याला समजावून सांगायचा. काचेतून उजेड कसा धावतो, कुठे अडतो, काय निरोप घेऊन परत येतो, सगळं. समोरचा शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि जाताना म्हणायचा, "बरं, येतो तारवाले." शेवटी त्याने तो नाद सोडला. पण तारवाला म्हटलं की कपाळावर आठी उमटायची ती उमटायचीच.

ही काच त्याने पुलात घातली होती. नुसती वरून चिकटवली नव्हती, पुलाच्या पोटात घातली होती. नदीवर पूल बांधायला घेतला तेव्हा हा ऐन उमेदीतला इंजिनीअर. तुळयांचं काँक्रीट ओतायच्या आधी सळयांच्या पिंजऱ्यात पालथा पडून त्याने ती काच स्वतःच्या हाताने सळईला बांधत नेली. फार आवळली तर उजेड गळतो, फार सैल सोडली तर ताण कळत नाही. मग ओतायच्या दिवशी काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर घेऊन गडी आले, तसा हा त्यांच्या मागेपुढे नाचायला लागला. "हळू रे, हळू! पोटुशी बाई आहे असं समजा!" गड्यांची हसून पुरेवाट झाली. पुढे कितीतरी दिवस ते त्याला विचारत होते, "काय तारवाले, पोटुशी कशी आहे?"

पोटुशी झकास होती. काचेवर ठरावीक अंतराने खुणा कोरलेल्या असतात. उजेड आत सोडला की प्रत्येक खूण आपल्या रंगाचा उजेड परत धाडते. पूल वाकला, ताणला गेला, की काचही त्याच्याबरोबर ताणली जाते आणि तो रंग किंचित सरकतो. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी एका बुटक्या खोलीत, लोखंडी कपाटात, एक यंत्र बसवलं होतं. ते हे रंग वाचायचं आणि पडद्यावर त्यांच्या रेषा काढायचं. आता गोची अशी, की उन्हानेही रंग सरकतो. म्हणून प्रत्येक तुळईत आणखी एक काच होती, नळीत मोकळी सोडलेली, काँक्रीटला कुठेही न चिकटणारी. तिला वजन कळत नाही, फक्त ऊन कळतं. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतो तो खरा भार. घरात खरंच तापाने फणफणलंय कोण आणि नुसतं उन्हातून चालत आलंय कोण, हे आई जसं ओळखते, तसंच हे. एवढं लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं कळेल.

त्या बुटक्या खोलीच्या समोरच बसथांबा होता आणि बसथांब्याला लागून त्याच्या ताईचं दुकान. कपडे लहानमोठे करून देण्याचं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची कंबर वाढवायची, कुणाची चेन बदलायची. लोक सकाळी बस पकडायच्या आधी पिशवी टाकून जायचे आणि संध्याकाळी उतरल्यावर घेऊन जायचे. दुकान चालायचं ते ताईच्या हातावर जितकं, तितकंच त्या थांब्यावर. गळ्यात मोजपट्टी, दातात टाचणी आणि तोंड चालूच. टाचणी दातात धरून इतकं स्पष्ट बोलणारी बाई त्याने दुसरी पाहिली नव्हती.

भावोजी बसचे ड्रायव्हर. त्याच मार्गावर, त्याच पुलावरून दिवसभर इकडून तिकडे. दर गुरुवारी यंत्र तपासायला तारवाला यायचा आणि काम झालं की दुकानाच्या मागच्या खोलीत जेवायला बसायचा. भावोजींनी आपली जेवणाची सुट्टी कशीबशी गुरुवारशी जुळवून घेतली होती. आई गेल्यापासून त्याचं असं हक्काचं जेवण आठवड्यातून एकदा, तेवढंच. निघताना ताई रात्रीसाठी एक डबाही भरून द्यायची. त्याने लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायचं ताईने सोडून दिलं होतं आणि भावोजींनी अजून सोडलं नव्हतं.

"काय मेहुणे, पुलाशीच संसार थाटणार का शेवटी?"

"पूल निदान टोमणे मारत नाही भावोजी."

ताई वाढता वाढता विचारायची, "तुझा पेशंट कसा आहे?" आणि तो म्हणायचा, "ठणठणीत." कधी तो यंत्राचा सुटा पडदा आणून तिच्यासमोर धरायचा. ऊन वजा करून उरलेली ती भाराची रेषा, डावीकडून उजवीकडे, टाचून ठेवल्यासारखी सरळ. बस गेली की तेवढ्यापुरती एक बारीकशी खोक पडायची आणि लगेच भरून यायची. ताई चष्मा नाकावर ओढून बघायची. "सरळ आहे. म्हणजे मी झोपायला मोकळी," असं म्हणून ती मशीनवर जायची. तिला रेषा वाचता यायला लागली होती. शिवणकाम करणाऱ्या बाईला सरळ काय आणि तिरकं काय हे शिकवावं लागत नाही.

पुलाचा दोष एकच होता. त्याला काही होत नव्हतं.

वर्षामागून वर्षं गेली, रेषा सरळ. कचेरीतले साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे यंत्रं थोडी आणि पूल फार. एकदा ते सहज म्हणाले, "तुमच्या पुलाला काही होत नाही हो. ते यंत्र काढून नव्या उड्डाणपुलाला लावावं म्हणतो. तुम्हीही तिकडेच जा." नवा उड्डाणपूल दुसऱ्या गावात होता. तारवाला "बघू या" म्हणून बाहेर आला. यंत्र काढलं की आत ओतलेली काच मुकी होणार. ती पुलात असणार, ताणणार, रंग सरकवणार आणि ऐकायला कुणी नसणार. आणि गुरुवार? गुरुवारचं काय?

नेमकं त्याच सुमाराला मधल्या तुळईची रेषा कलायला लागली. हळूहळू, कुणाच्या लक्षातही येणार नाही अशी. त्याच्या लक्षात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुलाने काहीतरी म्हटलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याला भीती वाटायच्या आधी आनंद झाला. तो त्या रेषेच्या हात धुऊन मागे लागला. थर्मामीटर घेऊन तुळईखाली बसला, प्रत्येक काच वेगळी करून वाचली आणि काही आठवड्यांत चोर सापडला.

त्या गुरुवारी जेवायला बसला तो हसतच. "भावोजी, एक विचारू? तुम्ही बसमध्ये शेगडी घेऊन फिरता का?"

"का बुवा?"

"तुमची बस मधल्या तुळईवर आली की तापमान वाढतं. बस गेली की उतरतं. दिवसभर बघितलं मी. बस आली की गरम, बस गेली की गार."

भावोजींनी हात जोडले. "मालक, त्या बसचा हीटर मी रुजू झाल्यापासून बंद आहे. डेपोत विचारा."

ताईला ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग तो समजावून सांगायला लागला. ती जी मोकळी सोडलेली काच होती ना, फक्त ऊन कळणारी, तिच्या नळीत इतक्या वर्षांत पाणी झिरपून सिमेंटचा चुना साचला असणार आणि ती हळूहळू आतल्या आत चिकटली. म्हणून तिलाही वजन कळायला लागलं. बस आली की ती म्हणते ऊन वाढलं. ती खोटं बोलते म्हणून वजाबाकी चुकते आणि वजाबाकी चुकते म्हणून रेषा कलते. पुलाचा काही संबंध नाही. "पूल बिचारा ठणठणीत आहे, थर्मामीटरच बिघडलंय," तो म्हणाला. ताई म्हणाली, "आमच्याकडे पण तसंच आहे, हे ठणठणीत असतात आणि नाटक करतात," आणि भावोजींकडे बोट दाखवलं. विषय तिथेच संपला. त्या दिवसाचं जेवण त्याला पुढे फार आठवायचं.

दोन दिवसांनी तो अहवाल लिहायला बसला. रेषा कलली, हे लिहिलं. किती कलली, हेही अगदी खरं लिहिलं. मग कारण लिहायची वेळ आली आणि त्याचा हात थांबला. ऊन कळणारी काच चिकटली, पूल उत्तम, असं लिहिलं की साहेब म्हणणार, उत्तम आहे ना, मग काढा यंत्र. मग त्याने लिहिलं: कारण अद्याप निश्चित नाही, निरीक्षण चालू ठेवावे.

याला खोटं म्हणावं तर कुणी म्हणणार नाही. कुठलाही इंजिनीअर असं वाक्य आयुष्यात शंभरदा लिहितो. तुळई कापून नळी उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'निश्चित' म्हणता येत नाही, हेही त्याने स्वतःला पटवलं. माणसाला स्वतःला पटवायला फारसं लागत नाही. यंत्र राहिलं, तोही राहिला. पुढच्या गुरुवारी त्याने ताईला सांगितलं, "बदली टळली गं." ताईने त्याला जेवताना आग्रह करकरून वाढलं.

मग दुसऱ्याच कुठल्या तरी गावात, दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताखालचा एक पूल पडला. माणसं गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, वरच्यांनी खालच्यांना फैलावर घेतलं आणि सगळीकडे जुने अहवाल बाहेर निघाले. ज्या ज्या पुलाबद्दल कुणी कधी शंका लिहिली होती, त्या त्या पुलावरून जड वाहनं बंद. तारवाल्याच्या पुलाच्या दोन्ही तोंडांना एका सकाळी लोखंडी आडव्या कमानी उभ्या राहिल्या. सायकल जाईल, मोटार जाईल, बस जाणार नाही. बसचा मार्ग वरच्या अंगाच्या दुसऱ्या पुलावरून वळवला आणि दुपारपर्यंत थांब्याची पाटीही काढून नेली. भावोजी तीच बस घेऊन नदीच्या वरच्या वळणावरून जायला लागले. तिथून त्यांना स्वतःचं दुकान ठिपक्याएवढं दिसायचं.

तारवाला त्याच दिवशी साहेबांकडे गेला. "साहेब, पूल चांगला आहे. मी जबाबदारीने सांगतो. ती ऊन मोजणारी काच आत चिकटलीय, एवढंच झालंय."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते त्या दिवसांत धड झोपलेले दिसत नव्हते. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

एवढा साधा प्रश्न. त्याचं उत्तरही साधंच होतं. हो म्हटलं असतं तर साहेबांना पहिला अहवाल रद्द करता आला असता. इंजिनीअरने माहीत असून लिहिलं नाही, दोष इंजिनीअरचा, पुलाचा नाही, असं लिहून कमानी काढता आल्या असत्या. त्याची नोकरी गेली असती, नाव खराब झालं असतं, कचेरीतल्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी तोंडात बोटं घातली असती. पण पूल राहिला असता. हे सगळं त्याला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पुढे त्याने स्वतःला फसवायचा खूप प्रयत्न केला, की गोंधळलो होतो, अचानक विचारलं. गोंधळलेला मुळीच नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "आता लक्षात आलं."

"मग उद्या आणखी काही लक्षात येईल," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तेव्हा तुम्हीच लिहिलं, कारण माहीत नाही. आज तुम्हीच म्हणता, माहीत आहे. यातलं कशावर सही करू? सही करून पूल पडला तर मी आत. सही न करता पूल उभा राहिला तर कुणी काही विचारत नाही. तुम्हीच सांगा, मी काय करावं?"

तारवाल्याने सांगितलं, खडीने भरलेले ट्रक पुलावर उभे करून चाचणी घ्या. साहेब म्हणाले, "शंका असलेल्या पुलावर ट्रक चढवायला कोण तयार होईल? चालवायला तुम्ही बसणार?" तो म्हणाला, बसतो. साहेबांना वाटलं तो चिडून बोलतोय. त्याने अर्ज केला, पुन्हा केला, 'नव्या तपासणीनुसार' असं लिहून लांबलचक टिपण जोडलं. त्या टिपणात एकच वाक्य नव्हतं, आणि त्या एका वाक्यावाचून बाकीच्या सगळ्याला काडीचाही अर्थ नव्हता. समितीने म्हटलं, जे यंत्र आपलं म्हणणं बदलतं त्याच्यावर विसंबता येत नाही.

यंत्राने काही बदललं नव्हतं.

थांबा गेला तशी पलीकडची दुकानांची ओळ सुकत गेली. आधी फळांची गाडी हलली, मग झेरॉक्सवाला, मग औषधांचं दुकान. केशकर्तनालयवाला टिकून होता, कारण केस कुठेही वाढतात, असं तोच म्हणायचा. ताईकडे पिशव्या येईनाशा झाल्या. बस पकडायला जे लोक वरच्या पुलाकडे जात, ते वाटेतल्या दुसऱ्या कुणाकडे कपडे टाकायला लागले. ती दुकान वेळेवर उघडायची, मशीन पुसायची, जुन्या गिऱ्हाइकांचे न नेलेले कपडे पुन्हा पुन्हा घडी करून ठेवायची. आणि ओळीतलं कुणी पुलाच्या नावाने बोटं मोडायला लागलं की तिचा आवाज चढायचा.

"दुकानाचं काय घेऊन बसलात? जीव वाचले, ते बघा ना! त्या दुसऱ्या गावात काय झालं वाचलंत ना पेपरात? आपल्याकडे माझ्या भावाने वेळेवर ओळखलं म्हणून. त्या पुलावरून आमचे हे दिवसातून किती वेळा जायचे! भरल्या बसनिशी गेले असते खाली."

असं ती औषधवाल्याला म्हणाली, झेरॉक्सवाल्याला म्हणाली, सामान आवरणाऱ्या फळवाल्याला म्हणाली. लोकांना ते पटलं. शेगडीचं ते बोलणं तिच्या लेखी जेवतानाची थट्टा होती, ती ते केव्हाच विसरली होती. एका गुरुवारी तारवाला आला तेव्हा केशकर्तनालयवाल्याने हातातलं गिऱ्हाईक तसंच फेस लावलेलं सोडून त्याला चहा आणून दिला. "तुमच्यामुळे वाचलो हो," तो म्हणाला. तारवाल्याने तो चहा प्यायला. दुसरं काय करणार? पण तो घशाखाली उतरताना त्याला स्वतःची अशी काही लाज वाटली की पुढचे दोन गुरुवार तो काही ना काही निमित्त काढून आलाच नाही.

एकदा त्याने सांगायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने म्हणायलाच हवं. दुकानात कुणी नव्हतं. मशीनवर कापड नव्हतं. "ताई, तो पूल ना," त्याने सुरुवात केली, "तितका काही वाईट..."

"गप रे," ताई म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. दुकान बसलं म्हणून मी तुला बोल लावीन असं वाटलं का तुला? रात्री पाठ टेकली की मी विचार करते, दुकान गेलं, पण हे घरी आहेत. तेवढ्यावर झोप लागते मला."

तेवढ्यावर तिला झोप लागत होती. ते तिच्याकडून कसं काढून घ्यायचं? निदान त्याने स्वतःला हेच सांगितलं. यात तिची काळजी किती होती आणि स्वतःची किती, याची वजाबाकी त्याने केली नाही. केली असती तर तिथेही एक चिकटलेली काच सापडली असती.

शेवटी ठरलं की पूल पाडायचा. भावोजी निवृत्त झाले होते. मुलीने बोलावलं होतं, तिच्या गावी, लांब. ताईने मशीन विकलं, मोजपट्टी मात्र पिशवीत टाकली. आणि योगायोग असा की ज्या दिवशी पुलाचे तुकडे करायला सुरुवात झाली, त्याच दिवशी दुपारी त्यांची गाडी होती.

तारवाल्याने साहेबांकडून एक गोष्ट मागून घेतली होती. शेवटपर्यंत यंत्र चालू ठेवायचं. पुलावरचं ओझं उतरवताना त्याच्या पोटात काय होतं, हे पुढच्या पुलांना उपयोगी पडेल, असं त्याने कारण दिलं. ते खरंही होतं. यंत्र बुटक्या खोलीतून काढून बाहेर छपराखाली एका टेबलावर मांडलं होतं आणि त्याच्यासमोर त्याच्या हाताखालची इंजिनीअरबाई बसली होती. दोन मुलांची आई, कामाला वाघ, बोलायला मोकळी. जुन्या भानगडीतलं तिला पहिल्या अहवालापलीकडे काही ठाऊक नव्हतं. ती त्यानंतर रुजू झालेली.

आधी कठडे कापले. मग डांबर खरवडलं. मग वरची फरशी चौकोन चौकोन कापून क्रेनने उचलायला सुरुवात झाली. प्रत्येक चौकोन उचलला की पडद्यावरच्या रेषा एक पायरी वर यायच्या. इंजिनीअरबाईने आदल्या दिवशी गणित करून ठेवलं होतं, कुठला तुकडा उचलल्यावर रेषा किती वर यायला हवी. रेषा बरोब्बर तितकीच वर येत होती. ओझं उतरवलेल्या माणसाची पाठ जशी सरळ होते तशी. तारवाला बघत होता.

ताई आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. भावोजी सामानापाशी थांबले होते. "आज इथे कोण तुला वाढणार? म्हणून घेऊन आले," असं म्हणत तिने टेबलाच्या कडेला डबा ठेवला आणि पुलाकडे पाहिलं. "वाईट वाटतं रे. कसाही असला तरी आपला होता."

तेवढ्यात क्रेनने मधल्या तुळईवरचा मोठा तुकडा उचलला आणि इंजिनीअरबाई खुर्चीतून अर्धी उठली.

"सर! हे बघा, हे बघा! ही ऊन मोजणारी काच हलली. वजन उतरलं तशी हीपण हलली! हिने हलायलाच नको होतं. चिकटलेली आहे ही, आत कुठेतरी. म्हणजे सर, ती जुनी रेषा कलत होती ना, ती या बयेमुळे! मी आत्ता नुसत्या पहिल्या काचेचे आकडे लावून बघितले. पुलाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, सर. अजून पन्नास वर्षं हलला नसता." ती वळून ताईकडे बघून हसली, कारण तिला वाटलं ही बातमी आनंदाचीच आहे. "सरांची काच इतकी वर्षं खरं तेच बोलत होती!"

क्रेनचा आवाज चालू होता. ताईने चष्मा नाकावर ओढला आणि वाकून पडदा पाहिला.

"सरळ आहे की रे," ती म्हणाली.

"हो."

"आणि ही दुसरी. बस आली की गरम होणारी."

त्याने मान हलवली.

"शेगडी," ताई म्हणाली. "यांना तू विचारलं होतंस, शेगडी घेऊन फिरता का. मला ठसका लागला होता." ती सावकाश सरळ उभी राहिली. टाचणी दातात नसतानाही तिला शब्द काढायला वेळ लागत होता. "ते जेवण तर कमानी लागायच्या किती आधीचं."

"हो, ताई."

"म्हणजे तुला तेव्हाच..."

"हो."

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. बदलीचं, गुरुवारचं, काच मुकी होईल म्हणून वाटलेल्या भीतीचं, साहेबांनी विचारलेल्या त्या एका प्रश्नाचं. सगळं तोंडापर्यंत आलं आणि त्याला दिसलं की यातल्या कशानेही तिचं एकही बटण परत लागणार नाही. इंजिनीअरबाईला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. ती उगाचच आकडे लिहायला लागली.

ताई पलीकडच्या ओळीकडे बघत होती. दुकानांची दारं बंद होती, केशकर्तनालयवालाही मागच्या महिन्यात गेला होता. पाटी काढल्यावर थांब्याचा नुसता खांब उरला होता.

"मी सगळ्यांना सांगत फिरले रे," ती म्हणाली. आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "सामान भरत होते ते लोक. त्यांना थांबवून थांबवून सांगितलं मी, माझ्या भावाने वाचवलं म्हणून. आता जाऊन खरं सांगावं, तर सांगायला इथे कुणी राहिलंसुद्धा नाही."

लांबून भावोजींनी हाक मारली. गाडीची वेळ झाली होती. ताईने पिशवी खांद्यावर घेतली, जाता जाता सवयीने डब्याचं झाकण नीट बसलंय का ते बघितलं आणि म्हणाली, "जेवून घे. गार होईल."

ती गेली. क्रेनने पुढचा तुकडा उचलला, रेषा पुन्हा बरोब्बर तितकीच वर आली, आणि इंजिनीअरबाईने आकडा लिहून घेतला. डबा टेबलाच्या कडेला तसाच होता. इतक्या वर्षांत तिचा डबा त्याने कधी ठेवून घेतला नव्हता, पुढच्या गुरुवारी धुऊन परत नेऊन द्यायचा. हा कुठे नेऊन द्यायचा, हे त्याला विचारता आलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.